कुठल्या राजाचे सेनापती?

पुण्याच्या माणसाला समुद्र नाही, म्हणून रविवारी सकाळी तो धरणावर जातो. खडकवासल्याच्या काठाला तर लोकांनी केव्हाच चौपाटी म्हणून टाकले आहे. इंग्लंडातली माणसे सुटीच्या दिवशी ब्रायटनला किंवा ब्लॅकपूलला जाऊन वाऱ्यात कुडकुडत बटाट्याच्या सळ्या खातात म्हणे. आपण पावसात कुडकुडत भाजलेले कणीस खातो. फरक एवढाच की त्यांचा समुद्र देवाने केलेला आहे आणि आपली चौपाटी माणसांनी. माणसांनी केलेल्या गोष्टीला मागे काहीतरी हिशेब असतो. एक आयुष्य बँकेत काढल्यामुळे असेल, पण मला तो हिशेब पाहिल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी आम्ही घरची मंडळी मुळशीला निघालो. मुलगा गाडी चालवत होता, सूनबाईंनी थर्मासमध्ये चहा घेतला होता आणि माझी आठ वर्षांची नात खिडकीला नाक लावून बसली होती. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट. एकेकाळी ही नावे उच्चारताना भाताचा वास यायचा, आता इमारतींच्या जाहिरातींचे फलक येतात. पौड मागे पडले आणि मग मात्र डोंगर जवळ आले, ढग खाली उतरले. माले गाव ओलांडून पुढे गेल्यावर एका वळणावर जलाशय दिसला आणि गाडीतले सगळे एकदम गप्प झाले. काठावर मोटारींची रांग, भज्यांच्या गाड्या, फोटो काढणारी जोडपी. पलीकडे मात्र नजर पोचेल तिथवर करडे, शांत पाणी.

मी सहज म्हणून गेलो की, इथेच सेनापती बापट लढले. नातीने मान वळवली. सेनापती बापट हा तिच्या लेखी शाळेच्या बसचा रस्ता होता. तोही पुरता नाही, कारण तिच्या वर्गात त्याला एस. बी. रोड म्हणतात. त्या नावाचा माणूस होता हे ऐकून तिला नवल वाटले. तिने विचारले की, ते कुठल्या राजाचे सेनापती होते? आणि इथे पाण्यात कशी लढाई झाली?

प्रश्न भाबडा होता, पण मला लगेच उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मी कपाटातली पुस्तके काढली. तिला सांगायचे म्हणून जे जुळवले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. पारनेर तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. पाऊस रुसलेला असा हा मुलूख. जिथे पाण्याची वाट पाहण्यात माणसाचे आयुष्य जाते, तिथला हा मुलगा पुढे पाणी चढू नये म्हणून लढणार होता. दैवगती विचित्र असते ती अशी.

मुलगा हुशार होता. घरची परिस्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. नगरची शाळा, मग पुण्याचे डेक्कन कॉलेज, मग शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली थेट स्कॉटलंडमधले एडिंबरो. तिथल्या हेरियट-वॉट कॉलेजात यंत्रविद्या शिकायची, परत यायचे आणि मोठ्या पगारावर रुजू व्हायचे, असा तो सरळ रस्ता होता. तुमच्या-आमच्या घरातल्या मुलाने तोच धरावा म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो. बापटांनी तो सोडला. परक्यांच्या राज्यावर त्यांच्याच देशात त्यांनी उघड टीका केली आणि शिष्यवृत्ती गेली.

पुढची काही वर्षे एखाद्या रहस्यकथेसारखी आहेत. लंडनचे इंडिया हाउस, श्यामजी कृष्णवर्मा, तरुण सावरकर. मग पॅरिस, तिथे हेमचंद्र दास यांच्याबरोबर रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या शिकणे, आणि १९०८ साली ती विद्या लिहिलेली कागदपत्रे घेऊन हिंदुस्थानात परतणे. त्याच वर्षी अलीपूर बॉम्बखटल्यात बंगालमधली मंडळी पकडली गेली आणि बापट भूमिगत झाले. १९१२ मध्ये ते सापडले. त्यांच्यावर काही सिद्ध करता आले नाही म्हणून १९१५ मध्ये सुटले.

सुटल्यावर हा बॉम्बवाला क्रांतिकारक काय करू लागला? झाडू मारू लागला. पहाटे उठायचे आणि गावचे रस्ते झाडायचे, शौचकूप साफ करायचे. आज मंत्र्यांच्या हाती छायाचित्रापुरता झाडू येतो, त्यातला हा प्रकार नव्हता. शंभर वर्षांपूर्वी, ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या आणि विलायतेहून आलेल्या माणसाने हे रोजचे काम म्हणून करणे याला केवढी मनाची तयारी लागत असेल, याची कल्पना करावी. पोटासाठी टिळकांच्या ‘मराठा’ पत्रात नोकरी, मग केतकरांच्या ज्ञानकोशाचे काम. मुंबईत सफाई कामगारांच्या संपात ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. अंदमानातल्या राजबंद्यांची सुटका व्हावी म्हणून दारोदार हिंडले. मुळशीत पाऊल टाकण्यापूर्वीचा हा माणूस असा होता. वय चाळीस, नावावर जमीन-जुमला काही नाही.

आता मुळशीची गोष्ट.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून, पाणी घाटाखाली सोडून, १९१५ सालीच खोपोलीला वीज तयार केली होती. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पश्चिमेला सरळ कडा आहे. पाणी वर अडवले आणि कड्यावरून नळांतून खाली सोडले की, जनित्रे फिरतात. कल्पना नामी होती आणि धूरही नव्हता. तिचा पुढचा टप्पा म्हणजे मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळचे धरण. पाणी इथे साठणार, डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरणार आणि तारांवरून वीज मुंबईला जाणार.

पण ते खोरे रिकामे नव्हते. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. मुळशीचा आंबेमोहोर म्हणजे पुणेकरांच्या सणावाराचा भात. शिजायला लागला की शेजारच्या वाड्यात कळावे असा. ती खाचरे मावळ्यांनी पिढ्यान् पिढ्या डोंगराला पायऱ्या पाडून, माती वाहून, बांध घालून तयार केलेली. सरकारने १८९४ चा भूसंपादनाचा कायदा पुढे केला आणि जमीन कंपनीसाठी घेतली. रहिवाशांना नोटिसा आल्या. द्यायची का, असे कुणी विचारले नव्हते. मोबदला किती, एवढाच प्रश्न होता.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. हातात काठी नाही, तोंडात शिवी नाही. पुण्याहून मंडळी आली होती. त्यांत विनायकराव भुस्कुटे होते, ज्यांनी पुढे या लढ्याचा इतिहास लिहिला. काम थांबले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांच्या घराण्याला या गरिबांचा विचार करण्याची विनंती केली. कंपनीने काही महिने काम बंद ठेवले आणि लोकांना वाटले, आपण जिंकलो.

डिसेंबरात काम पुन्हा सुरू झाले आणि दुसरी, लांबलेली लढाई पेटली. आता धरपकड झाली, शिक्षा झाल्या. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांच्यासारखे वयोवृद्ध संपादक तुरुंगात गेले. खेड्यातल्या बायका तुरुंगात गेल्या. जाईबाई भोई हे नाव त्या इतिहासात राहिले आहे. बापट पकडले जात, शिक्षा भोगत, सुटले की पुन्हा मुळशीत येऊन उभे राहत. याच काळात लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. कुणा दरबाराने दिलेली ती पदवी नव्हती. ज्यांच्याकडे कोयता-विळ्यापलीकडे हत्यार नव्हते, त्यांनी आपल्यातल्या पहिल्या रांगेतल्या माणसाला मारलेली ती हाक होती.

लढा फुटला तो मात्र आतून. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपी अभ्यास करून ही गोष्ट मांडली आहे. मुळशीतली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. कसणारा मावळा कूळ होता. सावकारांना सुरुवातीला लढा हवा होता, पण मोबदल्याचा आकडा पटला तशी त्यांची लढायची गरज संपली. मालकाला जमिनीची किंमत मिळाली. कुळाला काय मिळणार? त्याचे नाव कागदावर नव्हतेच.

इथे मला माझे एक जुने देणे आठवते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात या तालुक्यात एका शाखेत मी शेतीकर्ज पाहत असे. एका सकाळी एक म्हातारबाबा नातवाला घेऊन आले. दुभत्या म्हशीसाठी कर्ज हवे होते. मी ठरलेले विचारले, सातबारा आणलाय का? त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून घडीवर फाटलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. मोडी वळणाची अक्षरे होती. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याला थोडी मोडी येत होती, त्याने वाचून सांगितले. सावकाराला खंड पोचल्याची, म्हणजे कुळाने धान्य घातल्याची ती पावती होती. म्हातारबाबांच्या वडिलांचे नाव होते आणि एका शेताचे नाव होते. शेत कुठे आहे, असे मी विचारले. त्यांनी शाळेतल्या मुलाने नकाशावर दाखवावे तसे बोट खिडकीबाहेर, धरणाच्या दिशेला केले.

आम्ही शेतकरीच आहोत, याचा त्यांच्याजवळ तेवढाच पुरावा होता. मी नियमावर बोट ठेवले. चहा पाजला, समजूत काढली आणि परत पाठवले. नियमाने मी चुकलो नव्हतो. नंतर पुष्कळ कर्जे मंजूर केली, त्यांतली काही बुडाली, बुडवणाऱ्यांचे कागद मात्र चोख होते. तो डबा मी विसरू शकलो नाही. मुळशीचा इतिहास वाचताना सावकारांचा राग येऊ लागला की मला तो आठवतो आणि मी गप्प बसतो. कागदावर ज्याचे नाव नाही तो माणूस दिसतच नाही, हा सावकाराचाच नव्हे, टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाचा दृष्टिदोष आहे. बापटांना तो नव्हता. ज्यांचे नाव कुठेच नव्हते अशांसाठी ते उभे राहिले, आणि त्यात त्यांची स्वतःची एक गुंठाही जमीन नव्हती.

१९२३ उजाडेपर्यंत बरेच जण थकले. नेते परतले, मोबदले घेतले गेले, भिंत वर चढत गेली. बापट मात्र थांबेनात. त्यांची स्वतःची एक विचारसरणी होती, तिला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. अन्यायाच्या साधनांची नासधूस करायला हरकत नाही, प्रसंगी शस्त्रही हाती धरावे, मात्र पळून जायचे नाही आणि शिक्षा पुरती भोगायची, असा त्याचा मतितार्थ. गांधीजींना हे मान्य होणे शक्य नव्हते. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी मूठभर साथीदारांसह, हत्यारे घेऊन, धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. त्यात कामावरची माणसे जखमी झाली.

नातीला सांगताना मी इथे अडखळलो. गाडीवरचा माणूस काही मावळ्यांचा वैरी नव्हता. तोही पोटासाठी आलेला होता. अहिंसेने सुरू झालेली लढाई अशी संपावी, हे काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. पण बापटांनी त्याची सबबही सांगितली नाही आणि किंमतही टाळली नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले तेव्हा धरण उभे होते, खोरे भरले होते आणि भिऱ्याची वीज १९२७ पासून मुंबईला जात होती.

एवढ्यावर एखादा माणूस खचला असता. पन्नाशी उलटलेली, आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई हरलेली. बापट सुटले त्याच वर्षी महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि एका भाषणासाठी पुन्हा आत गेले, ते १९३७ मध्येच बाहेर आले. नंतर सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम केले. हैदराबादच्या निजामाविरुद्धच्या लढ्यात ते गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. झाले, आता स्वस्थ बसावे, असे कुणालाही वाटेल. पण १९५५ च्या मे महिन्यात गोव्याच्या मुक्तीसाठी नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन निघाले, तेव्हा तिच्यात चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. मधल्या निवांत वेळात श्रीअरविंदांच्या ‘लाइफ डिव्हाइन’ या जाडजूड ग्रंथाचे मराठी भाषांतर. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत ते गेले, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी.

अशा माणसाच्या घरच्यांच्या वाट्याला काय आले असेल, हा विचार आम्हा संसारी माणसांच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. देशाच्या इतिहासात तुरुंगवासाची वर्षे मोजली जातात. घरात त्याच वर्षी कोण आजारी होते, कुणाची फी भरायची राहिली होती, ते कुणी मोजत नाही. थोरांची चरित्रे वाचताना मी त्या न लिहिलेल्या पानांनाही मनात एक नमस्कार करतो.

आता मूळ हिशेब. बापट मुळशीत हरले, हे खरे. धरणाने काही वाईटच केले असेही मी म्हणणार नाही. त्या विजेवर गिरण्या चालल्या, मुंबई उजळली. कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या लाखो चाकरमान्यांच्या घरी त्या गिरण्यांच्या पगारावर चूल पेटली. माझा एक मामा त्यांतलाच. लोकांना वीज हवीच होती. प्रश्न एवढाच होता की, ज्याची भाकर आपण घेतो त्याला आधी विचारायचे की नाही.

या प्रश्नाचा प्रवास पाहा. मुळशीनंतर कोयना आली, पानशेत आले, उजनी आले, आणि प्रत्येक ठिकाणी माणसे उठली. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. आणि २०१३ साली देशाच्या संसदेने भूसंपादनाचा नवा कायदा केला, तेव्हा त्यात लिहिले गेले की, खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर जमीन जाणाऱ्या कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती हवी. जमिनीवर पोट असणारी कुळे आणि मजूरही त्या कायद्यात बाधित म्हणून धरली गेली. मुळशीची रामनवमी १९२१ ची. कायद्याच्या पुस्तकात त्या मावळ्यांचा प्रश्न उतरायला ९२ वर्षे लागली. त्या कायद्यालाही पळवाटा आहेत आणि अंमलबजावणीची रड आहेच. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर, बुडीत खात्यात टाकलेले देणे निदान मान्य तरी झाले.

आणखी एक गंमत सांगून थांबतो. मुंबईत माहीमपासून दादर, परळच्या बाजूला रेल्वेला समांतर एक मोठा रस्ता जातो. तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ तिथून गेला म्हणून त्याला तुळशी पाइप रोड म्हणत. आज त्याचे नाव सेनापती बापट मार्ग आहे. त्याच्या आजूबाजूला एकेकाळी गिरण्याच गिरण्या होत्या, टाटांच्या विजेवर चालणाऱ्या. गिरण्या गेल्या, त्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, पण रस्त्यावरच्या पाटीवर नाव राहिले ते मुळशीत हरलेल्या माणसाचे.

हे सगळे मी नातीला तिच्या भाषेत सांगितले. ते राजाचे सेनापती नव्हते, तर ज्यांच्या शेतात पाणी येणार होते त्या माणसांचे होते, असे म्हटल्यावर तिने बराच वेळ विचार केला. मग विचारले की, त्या माणसांचे घर अजून खाली आहे का? आम्ही ज्याच्या काठावर कणीस खाल्ले, त्या पाण्याच्या खाली? मी हो म्हणालो. भिंती कधीच विरघळल्या असतील, पण जागा तीच आहे.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा मुळशीला जाऊया म्हणून हट्ट धरला. गेलो. या वेळी गाडीतून उतरताच ती भज्यांच्या गाडीकडे धावली नाही. काठावर उभी राहून पाण्याकडे पाहत राहिली आणि हळूच मला विचारले की, आपण इथे येतो ते त्यांना चालत असेल का?

मी म्हटले, चालत असेल. फक्त येताना त्यांची आठवण ठेवून यायचे.